साहेब येणार म्हणून धुतलेली नदी

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण इयत्ता नववीपर्यंत, धंदा अर्जलेखन, बैठक वसईच्या तहसील कचेरीबाहेर. नाव येथे देत नाही. ज्यांना माझे हस्ताक्षर ठाऊक आहे त्यांना नावाची गरज पडत नाही.

घटनेचे ठिकाण : कामण गावचा नदीकाठ, भिवंडी रस्त्यावरील गोदामांच्या मागील बाजूस.

घटनेचा काळ : गेला हिवाळा, भात झोडून झाल्यावर, वाल शेंगेवर आलेला असताना.

साक्षीदार : एक, कॉलेजातील विद्यार्थिनी, राहणार नालासोपारा पूर्व. दोन, नदीकाठची शेतकरीण, विधवा, वय तिचे तिलाही नक्की सांगता येत नाही. तीन, आमच्या नदीसंवर्धन मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, राहणार नंदाखाल.

विरुद्ध : ही जागा कोरी आहे. आयुष्यभर अर्ज लिहिलेल्या माणसाला ही जागा भरता येऊ नये, याचा मला स्वतःलाच खेद वाटतो. पुढील मजकूर वाचून कोणास ती भरता आल्यास मी आभारी राहीन.

सविनय निवेदन असे की, या तालुक्यात असे कार्यालय क्वचितच असेल जिथल्या कपाटात माझ्या हातचा कागद पडून नाही. वारसनोंद, वाटप, वहिवाटीचा रस्ता, रेशनकार्डावरून गळालेले नाव, शेजाऱ्याच्या फणसाची हद्द ओलांडणारी फांदी, या सर्व विषयांत मी लिहिले आहे. नवे वकील मसुदा नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे येतात, हे ते स्वतःच सांगतात. परंतु अलीकडे मी थकतो. हात थकत नाही. अर्ज दिला जातो, पोच मिळते, पुष्कळ वाट पाहिल्यावर उत्तर येते की आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव अमुक कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे. आणि ते अमुक कार्यालय तो तमुक कार्यालयाकडे पाठवते. उन्हात बसून मला एवढे थकायला झाले नाही, जेवढे ही उत्तरे वाचून झाले.

नदीसंवर्धन मंडळाचे लेखी काम मी विनामूल्य करतो. मंडळ म्हणजे काही निवृत्त शिक्षक, काही बागायतदार, काही खाडीकाठचे शेतकरी आणि मी. सभा रविवारी सकाळची मिस्सा आटोपल्यावर भरते, कारण अध्यक्षांसह निम्मे सभासद ख्रिस्ती आहेत. उरलेले निम्मे तोवर शेतावरचे काम उरकून येतात. सभेत सर्वजण एकाच वेळी बोलतात, आणि शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणतात, "हे सगळं तुम्ही नीट भाषेत मांडा." मी मांडतो.

अशा या मंडळाकडे गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी आली. अध्यक्षांनी तिला परस्पर माझ्याकडे धाडले. माझ्या टेबलासमोर तेव्हा एक गृहस्थ सात-बाऱ्यावरून भावाचे नाव कमी करण्याच्या प्रकरणात डोळे पुसत बसले होते.

"एक्सक्यूज मी, ते नदीवाले काका तुम्हीच ना?"

"बसा. अर्ज कशाबद्दल?"

"अर्ज नाही काका, इंटर्नशिप आहे. म्हणजे मला तुमच्यासोबत काम करायचंय, नदीवर. आणि लास्टला रिपोर्टवर तुमची साइन लागेल, मेंटर म्हणून."

"मेंटर म्हणजे?"

"मार्गदर्शक."

समोरच्या गृहस्थांनी डोळे पुसायचे थांबवले. "काय रायटर, आता कॉलेजात शिकवणार वाटतं तुम्ही?"

"शिकवणार नाही. मार्गदर्शन करणार," मी म्हणालो, आणि खुर्ची जरा मागे सरकवली. हसण्यासारखे त्यात काही होते असे मला वाटले नाही. नदी कोणत्या टेबलावर अडते हे महाविद्यालयातल्या कोणत्याही प्राध्यापकापेक्षा मला अधिक ठाऊक आहे.

कामणच्या प्रकरणात मंडळाने तोवर बरेच अर्ज दिलेले होते. मुलीला पहिल्या दिवशी मी तेच ठिकाण दाखवले. बसमधून उतरलो की गोदामांच्या भिंतीलगत चालावे लागते. ट्रक इतक्या जवळून जातात की धोतर नेसणारा माणूस तिथून चालूच शकणार नाही. भिंत संपली की नदी. तुंगारेश्वरच्या डोंगरातून ती स्वच्छ येते. गावाने वरच्या अंगाला लहानसा बंधारा घातलेला आहे, त्यात हिवाळ्यात लाकडी फळ्या टाकून पाणी अडवतात आणि त्यावर वांगी, मुळा, पालेभाजी होते. बंधाऱ्याच्या खाली, गोदामांच्या मागून एक पाइप नदीत उतरतो. कोणत्या गोदामाचा, हे कोणत्याही उत्तरात कधी आले नाही. पाइपाच्या खालची नदी काळसर, वर फेस, आणि वास असा की बोलताना तोंड उघडणे नकोसे होते. तिथेच दुसऱ्या साक्षीदार म्हातारीचे शेत.

या शेतापायीच मंडळ कामणला येत होते. पावसाळ्यात नदीचे पाणी पाटाने तिच्या खाचरात शिरते. अलीकडच्या वर्षांत भात वीतभर वाढून पिवळे पडू लागले, आणि जी कणसे भरली त्यांतले दाणे पोचट निघाले. तिचा मुलगा त्याच रस्त्यावर टेम्पो चालवतो. त्याने आईला आमच्या देखतच बजावले.

"आई, साहेबांनी येऊन पाइप बंद केला तर पेर. नाहीतर पावसाच्या आधी मी भराव टाकतोय. फायनल. पार्किंगला पार्टी तयार आहे."

"टरक उभे करनार माझे शेतात?"

"मग काय वास पेरणार?"

"तुझी आजी याच खाचरात लावनी करता करता गेली. तिचे अंगावर टरक?"

मुलगा वाईट नाही. टेम्पोची चावी बोटात फिरवत तो खाली पाहत राहिला, आणि मग मला म्हणाला, "रायटर, तुम्हीच सांगा हिला." मी काही सांगितले नाही. मला तेव्हा दोघांचेही म्हणणे बरोबर वाटत होते, आणि असे दोन्ही बाजूंचे पटले की मी फार थकतो.

मुलगी आठवड्यातून निदान दोनदा येई. हातमोजे चढवून ती पाण्यात बाटल्या बुडवी, कागदाच्या पट्ट्या बुडवून रंग पाही, मोबाइलवर फोटो घेई. म्हातारी बांधावर बसून म्हणे, "डाक्टरीन आली गो. नदीला सुई कवा टोचनार?" पहिल्या खेपेला म्हातारीने वालाचे बिरडे पुढे केले तेव्हा मुलीला वासामुळे घास गिळवेना. पुढे ती मागून घेऊ लागली. नालासोपाऱ्याच्या चाळीत वाढलेल्या त्या मुलीने वाल वेलीवर लागलेला कधी पाहिला नव्हता. तिला वाटे तो दुकानातच होतो.

निरीक्षणे मी सांगे आणि ती लिहून घेई. त्यातही तिचे प्रश्न चालू.

"काका, हा 'सदर' कोण आहे?"

"सदर म्हणजे वर उल्लेख केलेला. सदर नदी, सदर पाइप, सदर पाणी."

"मग सगळेच सदर? आजी पण सदर?"

"सदर महिला," मी म्हणालो.

"ओ सदर महिला, पाणी द्या ना प्यायला!" मुलगी ओरडली, आणि म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. हे मी नमूद करतो, कारण त्या हिवाळ्यात मला हसल्याचे जे थोडे आठवते त्यात हे येते.

अखेर संबंधित कार्यालयाचे पत्र आले. अमुक दिवशी अधिकारी स्थळपाहणीस येतील, तक्रारदारांनी हजर राहावे. असे पत्र मंडळाला प्रथमच मिळत होते. रविवारच्या सभेत अध्यक्षांनी ते उभे राहून वाचले, शाळेत निकाल वाचत असत तसे. मग मुलगी उभी राहिली. तिने फार साधी विनंती केली.

"प्लीज, एकच. तोपर्यंत तिथे कोणी काही टच करू नका. जसं आहे तसंच राहू दे. कचरा पण. फेस पण. साहेबांना तेच दिसायला पाहिजे."

सर्वांनी माना डोलावल्या. अध्यक्षही म्हणाले, "अगदी बरोबर बोलली मुलगी." आणि नंतर, खुर्च्या उचलल्या जात असताना, सहज म्हणावे तसे त्यांनी कामणच्या मंडळींना सांगितले, "मात्र माणूस पाहुणा आहे हं. बसायची, चहापाण्याची व्यवस्था जरा बघा. आपल्या तालुक्याचं नाव आहे."

एवढेच ते बोलले. मी तिथे होतो, आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात अडकलो होतो. ठरल्या सकाळी मुलगी आणि मी बसने कामणला उतरलो. भिंतीच्या टोकाशी आलो तेव्हा मुलगी थांबली. प्रथम मलाही कळेना काय वेगळे आहे. मग कळले की वास नाही.

काठ झाडून काढलेला होता. बाभळींना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकूण एक काढल्या होत्या. उतरायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा, तोंडाशी रांगोळी. लग्नातला मांडवाचा कपडा बांबूंवर ताणून त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मधली एक टॉवेल घातलेली. नंदाखालहून अध्यक्षांनी पाठवलेला केळ्यांचा घड आणि शहाळी टेबलावर. आणि नदी वाहत होती. खळखळ वाहत होती. तळाचे गोटे दिसत होते.

"काका," मुलगी म्हणाली, "ही नदी कुठून आणली यांनी?"

वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या आदल्या संध्याकाळी काढल्या होत्या. सगळ्या. गावाने हिवाळाभर राखलेले भाजीचे पाणी रात्रभर सोडून नदी धुऊन काढली होती. पुढे उन्हाळ्यापर्यंत त्यांची वांगी कशावर जगणार होती, हा प्रश्न कोणी एकाने विचारला होता म्हणतात. त्याला बाकीच्यांनी गप्प बसवले. पाइपाचे तोंड कोरडे होते. गोदामांचा वॉचमन गावचाच जावई. म्हातारीने त्याला आदल्या दिवशी चहाचे आमंत्रण दिले होते, साहेब येणार म्हणून. तो इस्त्रीचा सदरा घालून मांडवात उभा होता. त्याने आपल्या वरच्या माणसाला सांगितले असणार, आणि वरच्या माणसाने जे करायचे ते केले असणार. मी कोणावर आरोप करत नाही. पाइप कोरडा होता, एवढे मी पाहिले.

म्हातारी ठेवणीतले लुगडे नेसून पुढे आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"कशी दिसते गो नदी?" तिने मुलीला विचारले.

मुलीने पाण्याकडे पाहिले. ती काही बोलणार तेवढ्यात जीप आली.

अधिकारी सज्जन मनुष्य होता. तोही थकलेला दिसत होता. अशा पाहण्या करत तो जिल्हाभर फिरत असावा. शहाळे प्यायला, काठाशी उतरला, पाण्यात हात घातला, वास घेतला. मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "तक्रार याच जागेची आहे ना?"

अध्यक्ष म्हणाले, "होय साहेब. पण आज..." आणि त्यांना पुढचे वाक्य सापडेना. जन्मभर मुलांना वाक्ये पूर्ण करायला लावणारा हा माणूस खाली पाहू लागला.

मुलीने मोबाइल पुढे केला. "सर, हे बघा, हा लास्ट मंथचा. हा व्हिडिओ, फेस बघा. ह्या बाटल्या पण आहेत माझ्याकडे."

"मॅडम, फोटो द्या, मी फाइलला लावतो. पण नमुना माझ्यासमोर घेतलेलाच धरता येतो. तुमच्या बाटलीत काय आहे, ते कुठून भरलं, मी कसं सांगणार?"

"सर, हे पाणी काल रात्री वरून सोडलंय!"

"कोणी सोडलं?"

सगळेच अभिमानाने पुढे होण्याच्या बेतात होते आणि सगळेच थांबले.

अधिकाऱ्याने बाटली भरली, लाख लावून सील केली आणि पंचनाम्यासाठी चांगले अक्षर असलेला कोणी आहे का विचारले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. तो पंचनामा माझ्या हातचा आहे. "पाणी वाहते व पारदर्शक दिसून आले. दुर्गंधी आढळून आली नाही. उजव्या काठावरील पाइपामधून कोणताही स्राव होत नसल्याचे दिसले." मी मध्येच लेखणी थांबवून म्हणालो, "साहेब, एक वाक्य घालू का, की बंधाऱ्याच्या फळ्या काल काढलेल्या आहेत?"

"ते तुम्ही काढताना पाहिलं?"

"नाही."

"मी पाहिलं?"

"नाही."

"मग दिसतं तेवढंच लिहा. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणते."

पंचनामा म्हणजे डोळ्यांसमोर आहे ते. हा नियम मी स्वतः कित्येकांना समजावून सांगितलेला आहे. मी दिसत होते तेवढे लिहिले, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पंच म्हणून म्हातारीचा अंगठा झाला. जीप गेली.

मुलगी टॉवेल घातलेल्या खुर्चीवर बसली. रडली नाही. तिने हातमोजे पिशवीतून काढले, पुन्हा पिशवीत ठेवले.

"आजी, मी काय सांगितलं होतं? टच करू नका. सांगितलं होतं ना?"

"आगो, पन साहेब घरी येनार!"

"घरी नाही आजी, नदीवर! घाण बघायला येणार होते ते!"

"घान दाखवतात काय कोन पावन्याला?" म्हातारीला हे खरोखर समजत नव्हते. "मानूस लांबून आला. त्याने नाक धरून उभा रावाचा माझे दारात? मना काय म्हनला असता? घरातली बायको मेल्यासारखा गाव दिसतो, म्हनला असता."

"त्यांनी तसं म्हणायलाच पाहिजे होतं!"

"शाळेत इन्स्पेक्टर यायचे," अध्यक्ष हळूच म्हणाले, "तेव्हा आम्ही मुलांची नखंसुद्धा कापून घ्यायचो. भिंतींना चुना. फुटक्या फरशीवर कपाट सरकवायचो. मी... माझ्या डोक्यात आलंच नाही, बाळ."

म्हातारी पाइपाकडे वळून पाहू लागली. मग तिने मलाच विचारले, कारण कागदाचे काम असले की ती मला विचारते. मला ती वकील म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

"वकील, मंग आता पाइप बंद नाय व्हनार?"

"कागद काय येतो ते पाहू," मी म्हणालो. परंतु तो कागद मी नुकताच लिहिलेला होता.

मांडव सोडत असतानाच, तिसऱ्या प्रहरी, पाइपातून पाणी यायला लागले. आधी बारीक, मग नेहमीसारखे. गावातल्या बायका चुन्याच्या रेघांवर उभ्या राहून ते पाहत होत्या. त्यांच्यातल्या एकीने मोठ्याने शिवी दिली, आणि वॉचमन जावई शहाळे तसेच टेबलावर ठेवून निघून गेला.

यथावकाश उत्तर आले. "सदर तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." ते मी म्हातारीला शेतावर जाऊन वाचून दाखवले. अशी उत्तरे मी आजवर किती जणांना वाचून दाखवली असतील. वाचताना आवाज सपाट ठेवावा हे मी शिकलेलो आहे. या खेपेला तो राहिला नाही. मुलगा शेजारी उभा होता. त्याने "बघ" एवढेच म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला खुंट्या ठोकून दोरी ताणली, ट्रकना आत यायची वाट कुठून राहील ते दाखवायला. म्हातारीने दोरी सोडली आणि त्याच दोरीने दुधीचा वेल मांडवावर बांधला. मुलाने पुन्हा दोरी आणली. तिने पुन्हा सोडली. यावरून दोघांत बोलणे बंद झाले, मात्र जेवण ती त्याला वेळेवर वाढत होती.

मुलीची इंटर्नशिप याच सुमारास संपली. अहवाल घेऊन ती कचेरीबाहेर आली तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हते. तिने छापलेली पाने माझ्यापुढे ठेवली. तिच्या प्राध्यापकांनी विचारले होते म्हणे, की या कामातून निष्पन्न काय झाले.

"तू काय लिहिलेस?"

"जे झालं ते. गावाने पाहुण्यासाठी नदी धुतली. त्यामुळे नदी घाण असल्याचं सिद्ध झालं नाही." ती टेबलाच्या कडेवर नख घासत होती. "मॅडम म्हणाल्या, असं कोण लिहितं? थोडं पॉझिटिव्ह लिही. कम्युनिटी पार्टिसिपेशन चांगलं होतं, असं लिही."

"चांगलेच होते," मी म्हणालो.

"तेच तर ना, काका."

मी सर्व पाने वाचली. मराठी अशी, मध्येच इंग्रजी शिरलेली, परंतु एकही वाक्य मला खोडावेसे वाटले नाही. मी मार्गदर्शक म्हणून सही केली आणि माझा शिक्का मारला. शिक्क्यावर माझे शिक्षण लिहिलेले नाही. महाविद्यालयाने तो मान्य केला.

मुलगी जायला उठली नाही.

"काका, परत अर्ज करायचा?"

"अपील म्हणतात त्याला. फेरपाहणीची मागणी करता येते." हे सांगताना माझ्या मनात पुढची सगळी वाट उभी राहिली: पोच, प्रतीक्षा, या टेबलावरून त्या टेबलावर. खरे सांगायचे तर मला नको होते. "पण पुन्हा तारीख कळवतील. आणि तारीख कळली की..."

"की परत रांगोळी."

मी लेखणीला टोपण लावले. मग ती म्हणाली, "मग आपल्याला कळवूच नका म्हणायचं."

असा अर्ज मी जन्मात लिहिलेला नव्हता. तक्रारदारास नोटीस मिळालीच पाहिजे, यासाठी मी लोकांच्या वतीने भांडलो आहे. नोटीस मिळू नये, म्हणून अर्ज? परंतु मी कागद ओढला. आम्ही दोघांनी बसून मसुदा केला. ती म्हणे, सरळ लिहा. मी म्हणे, सरळ लिहिले तर वाचणार नाहीत. शेवटी अर्धे तिचे राहिले, अर्धे माझे.

मग म्हातारीला समजावायला आम्हां दोघांना कामणला जावे लागले. ते मसुद्याहून कठीण गेले.

"साहेब येनार, पन कवा येनार ते नाय सांगनार?"

"हो आजी. केव्हाही येतील."

"आनि मी काय झाडायचा नाय?"

"नाही."

"रोज नाय झाडायचा?"

"नदीचा काठ नाही झाडायचा. घर झाडा ना."

"आगो, ते आयलेच अचानक, आनि मी अशी फाटक्या लुगड्यात, नि तो पिशव्यांचा खच..." तिने तोंडावर हात घेतला. मग बराच वेळ खाचराकडे बघत बसली. "बरा," ती म्हणाली. "राहील मी तशी. पावसापर्यंत राहील. पन त्यांना सांगा वकील, चहा मी करनार. चहाला नाय बोलू नका."

मुलाने हे दारातून ऐकले. टेम्पोकडे जाता जाता म्हणाला, "पावसाच्या आत उत्तर आलं तर भराव थांबवतो. नंतर मला बोलायचं नाही." त्यानंतर दोघांत पुन्हा बोलणे सुरू झाले असे कळते.

अध्यक्षांनी बंधाऱ्याच्या फळ्या पुन्हा घालायला स्वतः येऊन मदत केली. पाणी आता फारसे उरलेले नव्हते, वांगी सुकली. गावाने त्याबद्दल मंडळाकडे एक शब्दही काढला नाही. काठावर पिशव्या पुन्हा साचल्या आहेत. म्हातारी रोज सकाळी तिथवर जाते, पाहते आणि हात मागे बांधून परत येते, असे मुलगी सांगते. मुलगी अजूनही अधूनमधून तिकडे जाते, जरी महाविद्यालयाला आता त्याची गरज नाही. मी प्रत्येक वेळी जाऊ शकत नाही. गुडघे ऐकत नाहीत, आणि टेबल सोडले तर गिऱ्हाईक दुसऱ्या रायटरकडे वळते.

अर्ज दाखल आहे, पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून तो सार्वजनिक माहितीसाठी येथे उतरवतो, की ज्या मेहेरबानांच्या टेबलावर तो आज असेल त्यांच्या नजरेस कदाचित या मार्गाने पडेल :

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदारांची विनम्र प्रार्थना अशी की, कामण येथील नदीची फेरपाहणी व्हावी. सदर पाहणीची तारीख व वेळ अर्जदार, ग्रामस्थ, नदीसंवर्धन मंडळ अथवा लगतची गोदामे यांपैकी कोणासही कळविण्यात येऊ नये. अर्जदारांना आगाऊ सूचना मिळाल्यास ते आपल्या स्वागतार्थ नदी स्वच्छ करतील, व तसे करण्यापासून त्यांना परावृत्त करणे मंडळास शक्य झालेले नाही. आपण येतेवेळी काठावर कोणी हजर नसल्यास कृपया परत जाऊ नये. प्रथम पाणी पाहावे, नमुना घ्यावा, नंतर हाक मारावी. समोरच्या शेतात एक वृद्ध महिला भेटेल, ती चहा देईल. सदर महिलेच्या शेतात येत्या पावसाळ्यात भात की भराव, हे आपल्या पाहणीवर अवलंबून आहे. पेरणीस फार अवधी उरलेला नाही. करिता या अर्जाचे लेखी उत्तर पावसाळ्यापूर्वी मिळावे. आपण येणार आहात किंवा येणार नाही, एवढेच त्यात असावे. येणार असल्यास, कोणत्या दिवशी, ते लिहू नये."